होकार सरला, नकार उरला

इंग्रजी भाषा शिकताना विरुद्धार्थी शब्दांचे तक्ते आपणांपैकी बहुतेकांनी पाठ केले असतील. 'काइंड'च्या पुढे 'अनकाइंड', 'होप'च्या पुढे 'होपलेस', 'व्हिजिबल'च्या पुढे 'इनव्हिजिबल'. ह्या तक्त्यांमुळे विद्यार्थ्याच्या मनात एक समजूत घर करते. शब्दाच्या आधी 'अन' किंवा 'इन' लावले, अगर शेवटी 'लेस' जोडले, की नकार तयार होतो. आणि ते शेपूट तोडले की मूळचा होकार परत मिळतो, असा तो हिशेब असतो. आम्हीही शाळेत असताना असाच हिशेब केला होता. 'रूथलेस' म्हणजे निर्दय हे ठाऊक होते. तेव्हा दयेला 'रूथ' म्हणत असले पाहिजेत, असे धरून आम्ही तो शब्द बेधडक वापरला. मास्तरांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि 'असा शब्द नाही' असे समासात लिहिले.

मास्तरांचे चुकले नव्हते. आजच्या बोलत्या इंग्रजीत 'रूथ' हा शब्द नाही. आहे ते केवळ मुलीचे नाव, आणि तेही बायबलातल्या हिब्रू कथेतून आलेले. पण विद्यार्थ्याचेही सर्वस्वी चुकले नव्हते. हा शब्द एके काळी होता, आणि चांगली तीनचारशे वर्षे लोकांच्या तोंडी होता. पुढे तो मेला आणि त्याचा नकार मात्र मागे राहिला. असे शब्द इंग्रजीत एकदोन नव्हेत, चांगले ओंजळभर आहेत. 'रेकलेस' आहे, 'रेक' नाही. 'अनकूथ' आहे, 'कूथ' नाही. 'अनकेम्प्ट' आहे, 'केम्प्ट' नाही. 'फेकलेस' आहे, 'फेक' नाही. ह्या ओसाड घरांत पूर्वी कोण राहत होते, ते का गेले, आणि त्यांच्या जाण्याने काय बिघडले, ह्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. विषय वरवर पाहता शब्दांच्या गमतीचा वाटेल. परंतु त्याचा शेवट गमतीत होत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की शब्दांच्या जन्ममृत्यूची ही नोंद आपणांस मिळाली कोठून. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने असे ठरविले की इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचा इतिहास देणारा कोश झाला पाहिजे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे व्हावयास १९२८ साल उजाडले. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५ सालीच वारले; त्यांना तो पूर्ण झालेला पाहावयास मिळाला नाही. हाच पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून प्रसिद्धीस आला. शेकडो हौशी वाचकांनी जुने ग्रंथ वाचून चिठ्ठ्या भरून पाठविल्या. शब्द, वाक्य, ग्रंथ, साल. त्या चिठ्ठ्या सालवार लावल्या की एखादा शब्द प्रथम केव्हा दिसला, त्याचा अर्थ कोणत्या पिढीत वळला आणि तो शेवटचा केव्हा भेटला, हे कुळाच्या वंशावळीप्रमाणे डोळ्यांपुढे उभे राहते. ह्या कोशामुळेच मेलेल्या होकारांची थडगी सापडली.

आता 'रूथ'चीच कथा पाहू. जुन्या इंग्रजीत दुःख करणे, पस्तावणे ह्या अर्थाचे एक क्रियापद होते. त्याचे आजचे रूप 'रू'. 'ट्रू'पासून 'ट्रूथ', 'ग्रो'पासून 'ग्रोथ', 'वॉर्म'पासून 'वॉर्म्थ', तसे 'रू'पासून 'रूथ' झाले. दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन कळवळणे, असा त्याचा अर्थ. बाराव्या-तेराव्या शतकापासून तो शब्द लिखाणात दिसतो. पण त्याच्या जन्माआधीच त्याचा वैरी इंग्लंडात येऊन बसला होता. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि पुढची दोनअडीचशे वर्षे दरबार, न्यायसभा आणि वरचे धर्माधिकारी ह्यांचा कारभार फ्रेंच व लॅटिन भाषांत चालला. राजापुढे हात जोडणाऱ्याला जे मागावयाचे ते फ्रेंचमध्ये 'मर्सी' होते. प्रवचनकार जी भावना जागवीत ती 'पिटी' होती. मुसलमानी अंमलात अर्ज, फिर्याद, हुकूम हे शब्द आपल्याकडे ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हे शब्द तिकडे आले. मोठ्या घरचे पाहुणे आले की घरच्या माणसाला ओसरीवर झोपावे लागते, तशी गत 'रूथ'ची झाली. हळूहळू तो बोलण्यातून उठला आणि काव्यात जाऊन बसला. १६३७ साली मिल्टनने आयरिश समुद्रात बुडून मेलेल्या आपल्या मित्रावर 'लिसिडस' ही विलापिका लिहिली, तीत हा शब्द आहे. परंतु तेव्हाही त्याला जुन्या दागिन्याची झाक आली होती. पुढे तो फक्त कवींचा राहिला, आणि मग कवींचाही राहिला नाही.

'रूथलेस' मात्र चौदाव्या शतकापासून आजवर टिकून आहे. 'मर्सीलेस' आणि 'पिटीलेस' हे फ्रेंच बापांचे इंग्रजी पुत्र शेजारी उभे असतानाही टिकून आहे. ह्याचे कारण असे की ह्या शब्दाने आपला स्वतंत्र धंदा शोधून काढला. 'पिटीलेस' म्हणजे ज्याला दया नाही तो. पण 'रूथलेस' म्हणजे आपल्या हेतूच्या आड येईल त्याला तुडवून पुढे जाणारा. त्यात केवळ दयेचा अभाव नाही. त्यात एक प्रकारची कार्यक्षमता आहे. हल्ली तर व्यापाऱ्याला किंवा खेळाडूला हा शब्द अर्धी स्तुती म्हणूनही लावतात. नकार इतका धडधाकट झाला की त्याला होकाराच्या आधाराची गरजच उरली नाही.

येथे 'लेस' ह्या शेपटाविषयी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी असते की हे 'लेस' म्हणजे 'कमी' ह्या अर्थाचे 'लेस'. ते तसे नाही. त्याचा मूळ अर्थ 'मोकळा', 'सुटलेला'. 'लूज' ह्या शब्दाच्या गोतातले ते आहे. म्हणजे 'रूथलेस' माणसाची दया कमी झालेली नसते, तो दयेपासून सुटलेला असतो. हे शेपूट ज्या दुसऱ्या मृताला चिकटून आहे तो म्हणजे 'रेक', अर्थात पर्वा, काळजी. 'रेकलेस' हा शब्द नॉर्मन स्वारीच्याही आधीचा आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात ओफीलिया आपल्या भावाशी बोलताना 'रेक' हे क्रियापद वापरते, तेव्हा त्यात अजून धुगधुगी होती असे दिसते. पुढे 'केअर' ह्या दुसऱ्या देशी शब्दाने त्याची जागा घेतली. म्हणजे प्रत्येक वेळी परक्यानेच मारले असे नाही. भाऊबंदही पुरेसे असतात.

काही होकार मेले असे म्हणतो, पण ते वेष पालटून राहिलेले असतात. 'हॅपलेस' म्हणजे दुर्दैवी. ह्यातला 'हॅप' हा नॉर्स लोकांनी आणलेला शब्द. अर्थ दैव, नशीब. आज तो एकटा भेटत नाही. पण त्याची मुले घराघरांत आहेत. 'हॅपन' म्हणजे दैवाने घडणे. 'परहॅप्स' म्हणजे दैवयोगाने. 'मिसहॅप' म्हणजे दैवाचा घाला. आणि 'हॅपी' म्हणजे मूळचा 'दैव अनुकूल असलेला'. आनंदी हा अर्थ मागाहून आला. नशीब चांगले असेल तो सुखी, इतका साधा हिशेब त्या शब्दात आहे. 'फेकलेस' म्हणजे नेभळट, कुचकामी. तो स्कॉटलंडातला. तेथल्या लोकांनी 'इफेक्ट' ह्या शब्दाचे डोके आणि शेपूट उडवून 'फेक' केला; ज्याच्या करण्याचा काही परिणाम होत नाही तो 'फेकलेस'.

'अनकेम्प्ट' म्हणजे विस्कटलेला, गबाळा. इंग्रजीत विंचरणे ह्या अर्थी 'केंब' असे क्रियापद होते, त्याचे धातुसाधित 'केम्प्ट'. पुढे 'कोम' म्हणजे कंगवा ह्या नामावरूनच नवे क्रियापद झाले आणि जुने मेले. त्याचा नकार तेवढा विस्कटलेल्या केसांत अडकून राहिला. स्पेन्सर कवीने १५७९ साली आपल्या ओबडधोबड कवितेला हे विशेषण लावले आहे. म्हणजे न विंचरलेली कविता! ह्या 'कोम' शब्दाचे मूळ दात असलेल्या वस्तूत आहे, आणि दात किंवा जबडा ह्या अर्थाचा संस्कृत 'जम्भ' हा त्याचा सख्खा नातेवाईक आहे. कंगव्याला दात असतात हे आपल्या पूर्वजांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी एकाच वेळी पाहिले होते म्हणावयाचे.

लॅटिनमधून आलेले शब्द ह्याच जातीचे आहेत. 'इनोसन्ट' म्हणजे निरपराध. त्यातला 'नोसन्ट', म्हणजे अपाय करणारा, हा शब्द इंग्रजीत काही काळ वावरला आणि गेला. त्याचे मूळ शोधीत गेले तर संस्कृत 'नश्' धातू त्याच कुळातला निघतो. ज्याच्या हातून नाश होत नाही तो 'इनोसन्ट'. 'इनर्ट' म्हणजे निश्चल. मूळ अर्थ ज्याला 'आर्ट' म्हणजे कौशल्य नाही तो. 'इम्पेकेबल' म्हणजे ज्याच्या हातून पाप होऊ शकत नाही तो. गंमत अशी की ह्या शेवटच्या शब्दात नकार चांगला आहे आणि मेलेला होकार वाईट. तेव्हा वाईटच तेवढे टिकते असा सिद्धान्त घाईने काढू नये.

आणखी एक सावधगिरी. नकारासारखे दिसणारे सर्वच शब्द नकार नसतात. 'डिशेव्हल्ड' म्हणजे केस पिंजारलेला. त्यातला 'शेव्हल' हा फ्रेंचमधला केस, लॅटिन 'कापिल्लुस'पासून आलेला. 'डिस' म्हणजे इतस्ततः. इंग्रजीत 'शेव्हल्ड' असा नीटनेटका मनुष्य कधी जन्मलाच नाही. तीच गोष्ट 'डिसग्रंटल्ड' म्हणजे असंतुष्ट ह्या शब्दाची. 'ग्रंटल' म्हणजे डुकरासारखे गुरगुरत राहणे, आणि त्यातला 'डिस' नकाराचा नसून जोर देण्याचा आहे. पण हे कोणाच्या ध्यानात राहणार? वुडहाउस ह्या विनोदी लेखकाने १९३८ सालच्या आपल्या कादंबरीत 'ग्रंटल्ड' हा शब्द संतुष्ट ह्या अर्थाने योजून वाचकांना हसविले, आणि तो कोशात गेला. मॅक्स बीरबोम ह्या लेखकाने १८९६ सालीच 'कूथ' हा शब्द असाच गमतीने पुनः उठविला होता. १९९४ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात जॅक विंटर ह्यांनी एक सबंध लेखच अशा नसलेल्या होकारांनी लिहिला. शेपूट तोडून होकार मिळविण्याचा आमचा शाळेतला उद्योग थोरामोठ्यांनीही केला, एवढेच समाधान!

आता मुख्य प्रश्न. होकार मरतो आणि नकार राहतो, असे का होते? पहिले कारण सांगितलेच: बाहेरचा शब्द येतो तो एकट्या उभ्या शब्दाला ढकलतो, जोडशब्द त्यातून निसटतो, आणि निसटल्यावर स्वतःचा वेगळा अर्थ धरून बसतो. दुसरे कारण मनुष्यस्वभावात आहे. जे यथास्थित असते त्याची वार्ता कोणी करीत नाही. विंचरलेल्या केसांबद्दल शेजारीण बोलत नाही, विस्कटलेल्यांबद्दल बोलते. गाडी वेळेवर सुटली तर फलाटावर कोणी चर्चा करीत नाही. बोलण्यात जे वारंवार येते ते भाषेत टिकते, आणि तक्रार वारंवार येते. पण ह्या कारणांना नियमाचा मान देता येणार नाही. जुन्या इंग्रजीत शांततेचा नकार करून युद्धाला एक शब्द होता, हवामानाचा नकार करून वादळाला एक शब्द होता. ते नकार मेले. हवामानाचा शब्द मात्र जिवंत आहे. जे मेले त्यांची आठवण आपणांस होत नाही, आणि जे उरले त्यांच्यावरून आपण नियम बांधतो. ही चूक इतिहासात सर्वत्र होते.

तसेच आणखी एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. 'ज्या भाषेत दयेचा शब्द मेला आणि निर्दयतेचा राहिला, ते लोक कसे असतील पाहा!' असे वाक्य टाळ्या घेण्यास फार उपयोगी आहे. इंग्रजांचे राज्य ज्यांनी सोसले त्यांना ते गोडही लागेल. पण ते खरे नाही. 'रूथ' गेला तेव्हा 'पिटी' होती, 'मर्सी' होती, 'कंपॅशन'ही होती. दयेला इंग्रजीत शब्द कधीच कमी पडला नाही. शब्दांच्या यादीवरून राष्ट्राचा स्वभाव वाचणे हे तळहातावरून भविष्य वाचण्याइतकेच शास्त्रीय आहे.

मग ह्या शब्दांतून काहीच शिकण्यासारखे नाही काय? आहे, पण ते होकाराच्या मरणात नाही, उरलेल्या नकाराच्या अर्थात आहे. त्यासाठी 'अनकूथ' ह्या एकाच शब्दाशी थोडे थांबले पाहिजे.

आज 'अनकूथ' म्हणजे असभ्य, रांगडा, शिष्टाचार नसलेला. पण जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे सभ्य नव्हे. 'कूथ' म्हणजे 'ज्ञात', ओळखीचा. 'कॅन' ह्या क्रियापदाचे ते धातुसाधित. आणि 'कॅन'चा त्या काळचा अर्थ होता जाणणे. 'किथ अँड किन' ह्या जोडशब्दात ओळखीपाळखीचा 'किथ' अजून भेटतो. स्कॉटलंडात 'कूथी' म्हणजे आपुलकीचा, घरगुती, हा शब्द अजून बोलतात. ह्या सर्वांचे मूळ आणि संस्कृत 'ज्ञा' धातूचे मूळ एकच. इंग्रजी 'अन', लॅटिन 'इन' आणि आपला 'अ' हेही एकाच नकाराचे तीन उच्चार. १७८६ साली विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या कोणा एकाच आईच्या मुली असाव्यात असे सुचविले, आणि पुढच्या शतकात विद्वानांनी ध्वनिनियम लावून ते नाते सिद्ध केले. त्या नियमांनी पाहिले म्हणजे कळते की इंग्रजी 'अनकूथ' आणि संस्कृत 'अज्ञात' हे नुसते समानार्थी नव्हेत. अक्षरशः एकच शब्द आहेत. 'अ'ला 'अ' आणि 'ज्ञात'ला 'कूथ'.

मग 'अज्ञात'चा 'असभ्य' कसा झाला? त्याची पावले कोशात उमटली आहेत. चॉसर १४०० साली वारला. त्याच्या लिखाणात हा शब्द अपरिचित, नवलाचा ह्या अर्थी येतो. १५७९ साली स्पेन्सरच्या काव्याला कोणी मित्राने प्रस्तावना लिहिली. तीत अजून नाव न झालेला नवा कवी ह्या अर्थाने हाच शब्द आहे, आणि त्यात निंदेचा लेश नाही. मिल्टनच्या 'लिसिडस'मध्ये तो एका मेंढपाळाला लावला आहे. तेथे अर्थ दुहेरी वाटतो: अनामिक आणि थोडा अडाणीही. ज्या कवितेत 'रूथ' मावळताना दिसतो त्याच कवितेत 'अनकूथ' कूस बदलताना दिसतो, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १६६७ सालच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये सैतानाच्या अंधाऱ्या प्रवासाची वाट 'अनकूथ' आहे. म्हणजे कोणी न पाहिलेली. त्यानंतर मात्र अपरिचिताचा विचित्र, विचित्राचा बेढब आणि बेढबाचा असंस्कृत असा उतार पुरा झाला.

ह्या उताराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. 'तो मला ठाऊक नाही' ह्या वाक्यात उणीव माझी आहे. माझ्या माहितीची आहे. 'तो असभ्य आहे' ह्या वाक्यात उणीव त्याची आहे. एकाच शब्दाने, एकही अक्षर न बदलता, उणीव पाहणाऱ्याच्या अंगावरून काढून पाहिलेल्याच्या अंगावर घातली. हे कोणी ठरवून केले नाही. पिढ्यानुपिढ्या लोक आपल्या उंबरठ्यावरून अनोळखी माणसाकडे पाहत राहिले, आणि शब्द आपोआप घसरत गेला.

आणि हे केवळ इंग्रजांनी केले असे नाही. ग्रीकांना ज्यांची भाषा कळत नसे त्यांना ते 'बार्बारोस' म्हणत; म्हणजे बडबडणारे. आपल्या पूर्वजांनी अस्पष्ट बोलणाऱ्याला 'म्लेच्छ' म्हटले. 'व्हिलन' हा इंग्रजी शब्द आज नाटकातल्या खलपुरुषाचा आहे. मूळ अर्थ जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणारा खेडूत. 'बूर' म्हणजे गावंढळ. मूळ डच भाषेतला शेतकरी. हे ऐकून आपण हसू, पण मराठीत 'गावंढळ' आणि 'खेडवळ' हे शब्द काय सांगतात? गावात राहणारा तो गावंढळ आणि नगरात राहणारा तो नागर! हे शब्द शेतकऱ्याने घडविलेले नाहीत. व्याख्यानाला येऊन बसणाऱ्या आपल्यासारख्या नगरवासीयांनी ते घडविले आहेत. मराठीत एक मात्र बरे झाले. त्याच 'ज्ञा' धातूतून आलेल्या 'अजाण' ह्या शब्दाला आपण तुच्छतेकडे जाऊ दिले नाही. अजाण लेकराबद्दल बोलताना आवाज मऊ होतो. म्हणजे तोच नकार कळवळ्याकडेही वळू शकतो.

नकारातून होकार घडविण्याचा प्रकार वुडहाउसने विनोदासाठी केला, हे वर सांगितले. हाच प्रकार आपल्याकडे फार पूर्वी आणि फार गंभीरपणे झाला आहे. ऋग्वेदात वरुण, इंद्र, अग्नी अशा देवांना 'असुर' म्हटले आहे. शब्दाचा अर्थ सामर्थ्यवान, प्रभू असा आहे. आपले पारशी बांधव ज्या अहुर मज्दाची उपासना करतात त्यातला 'अहुर' तोच. पुढे देव आणि असुर ह्यांचे वैर ठरले. तेव्हा 'असुर' ह्यातला 'अ' नकाराचा आहे असे वाटू लागले, आणि तो तोडून देवांसाठी 'सुर' हा नवा शब्द निघाला. नकार आधी, होकार मागाहून. आणि नकार हा मुळात नकार नव्हताच!

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, आणि ते सांगण्यासाठीच हा सर्व प्रपंच केला असे म्हटले तरी चालेल. 'विधवा' हा शब्द घ्या. लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', रशियन 'व्दोवा', फारसी 'बेवा' ही त्याची भावंडे. हजारो वर्षांपूर्वीचा हा एक अखंड शब्द. त्याच्या मुळाशी एकटी पडलेली, वियोग झालेली एवढाच भाव आहे. त्यात पती नाही. पण संस्कृतात त्याची फोड 'वि' आणि 'धव' अशी होऊ लागली. यास्काने 'निरुक्ता'त ह्या शब्दाच्या ज्या निरनिराळ्या व्युत्पत्ती दिल्या त्यांत हीही आहे. 'वि' म्हणजे विना. मग 'धव' म्हणजे पती असलाच पाहिजे. अशा रीतीने नकारातून पती निघाला. मग 'धव' असलेली ती 'सधवा' झाली. 'रमाधव', 'उमाधव' ही देवांची नावे रूढ झाली. 'माधव' ह्या नावाचीही लक्ष्मीचा पती अशी फोड करू लागले.

ज्या शब्दात एका माणसाचे दुःख होते, त्यात दुसऱ्या माणसाचे नसणे बसविले गेले. एकटी पडलेली स्त्री ही आधी स्त्री होती. आता ती 'धव नसलेली' झाली. तिची ओळख एका वजाबाकीने होऊ लागली. व्युत्पत्तीमुळे रूढी आल्या असे आम्ही म्हणत नाही. रूढींना शब्दांची वाट पाहावी लागत नाही. पण रूढी आणि शब्द एकमेकांना धरून चालतात. कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाचे आमंत्रण हे सर्व त्या वजाबाकीचे हप्ते होते. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी एका विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. आणि २०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. म्हणजे कायद्यानंतर एकशे सहासष्ट वर्षांनीही ठरावाची गरज होती. त्या ठरावाचे मोल आम्हांस मोठे वाटते, कारण तो एका गावाने केला. ज्यांना आपण 'खेडवळ' म्हणतो त्यांनी केला.

मेलेले होकार परत आणता येत नाहीत. 'रूथ' आता उठणार नाही, 'कूथ' उठला तो हसण्यापुरता. भाषा कोणाच्या आज्ञेत नसते, आणि कोशकारांच्या तर मुळीच नसते. ते फक्त नोंद ठेवतात. पण उरलेला नकार कोणाला लावावयाचा, हे अद्याप आपल्या हाती आहे. दारात अपरिचित मनुष्य उभा राहिला, त्याचे बोलणे, नेसणे, वागणे आपल्याहून वेगळे निघाले, तर त्याला 'अनोळखी' म्हणावे आणि तेथेच थांबावे. त्या शब्दात उणीव आपली आहे, आणि ती चार शब्द बोलल्याने भरून निघते. पुढचा उतार उतरावयास इंग्रजांना काही शतके लागली. आपण तो रोज एका वाक्यात उतरतो.